पालापाचोळ्याचे खत कसे होते, आणि आमचे दोनदा कसे फसले



शाळेच्या पाण्याच्या हौदामागे गोणपाटाने झाकलेला एक ढीग आहे. परवा तिसरीची मुले विचारीत होती, "दादा, तिथं काय पुरलंय?" काही पुरलेले नाही. तिथे खत होते आहे. ते कसे होते ते या लेखात लिहिले आहे. गुरुजी म्हणाले, जमले तेवढेच लिहू नकोस, फसले तेही लिही. म्हणून तेही लिहितो.

आपल्या आवारात दोन मोठे लिंब आहेत, एक पिंपळ आहे आणि कुंपणाला करंजाची रांग आहे. माघ संपत आला की लिंबाची पाने गळू लागतात ती थेट चैत्रापर्यंत. शनिवारी सकाळची शाळा, त्या दिवशी आमची सफाईची पाळी. पाने झाडायची, कुंपणाजवळ ढीग करायचा आणि काडी लावायची, असा रिवाज होता. धूर वाऱ्याबरोबर सरळ शेजारच्या अंगणवाडीत जायचा. गेल्या वर्षी फेब्रुवारीत एका शनिवारी अंगणवाडीच्या ताईंनी सगळी बारकी पोरे बाहेर काढून रस्त्यापलीकडे नेऊन बसवली. सगळी खोकत होती. त्यांत माझी धाकटी बहीणही होती. त्या रात्री ती झोपली नाही, आणि आईही झोपली नाही. सकाळी आई म्हणाली, "कोणी पेटवलं होतं रे?" मी गप्प बसलो. काडी मीच लावली होती.

सोमवारी मी गुरुजींना सांगितले की पाने जाळायला नकोत. गुरुजी म्हणाले, "ठीक आहे. मग त्यांचं काय करायचं ते तुम्ही सांगा." तिथून हे सुरू झाले.

आधी जाळल्याने काय होते ते पाहू. झाडाचे पान म्हणजे झाडाने हवेतून आणि जमिनीतून घेतलेले अन्न. त्यात पुष्कळ कर्ब असतो, थोडा नत्र, थोडे स्फुरद, पालाश आणि चुना असतो. पान जाळले की कर्ब आणि नत्र जवळजवळ सगळे धुराबरोबर निघून जातात. पालाश आणि चुना राखेत राहतात. म्हणून राख अगदीच वाया जात नाही. आमची आजी वांग्याच्या रोपांभोवती राख टाकते, त्यात वेडेपणा काही नाही. पण जो नत्र आपण युरियाच्या गोणीतून पैसे देऊन आणतो, तोच आपण कुंपणाजवळ फुकट उडवून देतो. उघड्यावर कचरा जाळायला राष्ट्रीय हरित अधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्ये देशभर मनाई केली आणि साध्या जाळण्याला ५,००० रुपये दंड ठरवला, हेही गुरुजींनी सांगितले. दंडाचे ऐकून वर्ग एकदम शांत झाला!

माझ्या आबांना मात्र हे पटले नाही. ते म्हणाले, "आरं, पाला पेटवला म्हंजी इच्चूकाटा जातो. तुमच्या ढिगात उद्या जनावर निघंल, मग?" हे खोटे नाही. पाल्याच्या ढिगात विंचू बसतो, कधी सापही बसतो. म्हणून ढिगात हात घालायचा नाही, आधी काठीने हलवायचे, हा नियम आम्ही पहिल्या दिवसापासून केला. आजपर्यंत दोन विंचू निघाले. कोणाला चावले नाहीत.

आता पहिले फसणे. मार्च महिन्यात आम्ही तीन फूट खोल, तीन फूट रुंद आणि सहा फूट लांब खड्डा खणला. मुरूम लागला म्हणून दोन शनिवार गेले. त्यात लिंबाची आणि पिंपळाची सगळी पाने भरली, वर माती टाकली आणि परीक्षा देऊन मोकळे झालो. जूनमध्ये शाळा उघडल्यावर मोठ्या उत्साहाने उकरले. पाने जशीच्या तशी! हातात घेतली तर कुरकुर वाजत होती. वरच्या थराला थोडी वाळवी लागली होती, बाकी काही नाही. तीन महिने आम्ही नुसता पाला पुरून ठेवला होता.

दुसरे फसणे १५ ऑगस्टचे. झेंडावंदनाच्या आधी मैदान साफ करतात ते सर्वांना माहीत आहे. पावसाने गुडघाभर गवत वाढले होते. इथे एक गोष्ट सांगतो. शहरात बंगल्यांपुढे हिरवळ असते, तिचे कापलेले गवत तिथले लोक खतात घालतात. आपल्याकडे गवत म्हणजे चारा. आपल्या जिल्ह्यात पाऊस कमी, त्यामुळे चांगले गवत कुजवणे हा मला गुन्हा वाटतो. हिवरे बाजारात चराईबंदी आहे, तिथे लोक डोंगरावरचे गवत विळ्याने कापून आणून जनावराला घालतात. आम्हीही तसेच केले. ज्यांच्या घरी गाय-शेळी आहे त्यांनी हराळी आणि चांगले गवत भारे बांधून नेले. राहिले ते जनावर तोंड न लावणारे. काँग्रेस गवत म्हणजेच गाजर गवत, टाकळा, आघाडा, धोतरा. त्याचा ओला ढीग आम्ही खड्ड्याशेजारी मारला.

तीन-चार दिवसांत ढीग गरम झाला. आम्ही खूश. आठ दिवसांनी तो चपटा झाला, काळा चिकट झाला, आणि असा वास सुटला की काय सांगू! सडक्या अंड्यासारखा. खिचडी शिजवणाऱ्या मावशी म्हणाल्या, "हे हलवा, नाहीतर मी उद्यापासून येत न्हाई." पोळ्याच्या दिवशी बैल मिरवायला आलेले लोक शाळेजवळ नाकाला रुमाल लावून विचारत होते, "शाळेत काय मेलंय का काय?" आम्हाला तोंड दाखवायला जागा उरली नाही.

एका बाजूला पाने होती, ती कुजत नव्हती. दुसऱ्या बाजूला गवत होते, ते नासत होते. दोन्ही ढिगांमध्ये चार हातांचे अंतर. गुरुजींनी आम्हाला दोन्हींच्या मध्ये उभे केले आणि विचारले, "तुम्हाला जेवायला नुसती भाकरी दिली तर?" आम्ही म्हणालो, घशाखाली उतरणार नाही. "आणि नुसतंच कालवण दिलं तर?" पोट बिघडेल. "मग या जिवाणूंनी काय घोडं मारलंय?"

झाले! आता नीट समजावून सांगतो.

पाला आपोआप कुजत नसतो. त्याला कोणीतरी खात असते. हे खाणारे डोळ्यांना न दिसणारे जिवाणू आणि बुरशी. त्यांना दोन गोष्टी लागतात. कर्ब लागतो तो शक्तीसाठी, जशी आपल्याला भाकरी. नत्र लागतो तो अंग वाढण्यासाठी, जशी आपल्याला डाळ. तीस भाग कर्बाला एक भाग नत्र असे जेवण त्यांना चांगले मानवते. वाळलेल्या पानांत एका भाग नत्राला पन्नास किंवा त्याहूनही जास्त भाग कर्ब असतो, म्हणजे भाकऱ्यांची चवड आणि कालवण थेंबभर. कोवळ्या ओल्या गवतात वीसच्या आसपास असतो, म्हणजे कालवणच कालवण. शिवाय ओले गवत दबून बसते, आत हवा जात नाही. हवेवाचून जगणारे निराळे जिवाणू आहेत, ते मग तिथे राज्य करतात, आणि घाण वास येतो तो त्यांच्यामुळे. जादा नत्रही वायू होऊन उडून जातो. नाकात झोंबतो तो तोच.

आणि पानांच्या खड्ड्यात? तिथे कालवण नव्हते आणि पाणीही नव्हते. उन्हाळ्यात पाण्यावाचून जिवाणू काय करणार? आपण तरी काय करतो?

तर सप्टेंबरमध्ये आम्ही तिसऱ्यांदा सुरुवात केली. पावसाचे दिवस होते, खड्ड्यात पाणी साचले असते, म्हणून या वेळी जमिनीवरच ढीग रचला. पावसाळ्यात ढीग आणि उन्हाळ्यात खड्डा हे लक्षात ठेवावे. तळाला तुराट्या आडव्या-उभ्या टाकल्या म्हणजे खालून हवा खेळते. त्यावर वीतभर वाळलेली पाने, त्यावर चार बोटे गवत, त्यावर शेणकाला. मग पुन्हा पाने. शेणकाल्याची युक्ती आबांची. ते रागावले होते तरी बघायला आले होते. म्हणाले, "उकिरड्याच्या तळची जुनी माती दोन घमेली टाका. दह्याला इरजण लागतं का न्हाई?" गुरुजींनी लगेच मान डोलावली. त्या जुन्या मातीत लाखो जिवाणू तयारच असतात.

ढीग चार फूट लांब, चार फूट रुंद आणि साडेतीन फूट उंच झाला. तीन फुटांपेक्षा लहान ढीग करू नये, कारण आतली ऊब टिकत नाही. घरी तेवढा पाला एकदम निघत नसेल तर वाळलेला पाला गोणीत भरून साठवून ठेवावा आणि पावसाळ्यात हिरवे मिळाले की एकदम रचावा. आम्ही हे दोनदा फसल्यावर शिकलो, तुम्ही आधीच शिका.

पाणी किती? मूठभर पाला घेऊन घट्ट दाबावा. बोटांतून एक-दोन थेंब आले तर ठीक. धार लागली तर जास्त झाले, वाळलेला पाला मिसळावा. काहीच आले नाही तर शिंपडावे. पाण्याचा प्रश्न आपल्याकडे मोठा. पाऊस थांबल्यावर हापशावरचे पाणी खताला घालायला कोणी देईना, आणि बरोबरच आहे. मग चौथीच्या मुलींनी उपाय काढला. शाळा सुटताना सर्वांच्या बाटलीत उरलेले पाणी एका बादलीत ओतायचे. रोज एक बादली भरते! खताला तेवढे पुष्कळ.

चौथ्या दिवशी गुरुजींनी लोखंडी सळई ढिगात खुपसायला सांगितली. पाच मिनिटांनी काढली तर हातात धरवेना. आत चूल नाही, विस्तव नाही, मग ही ऊब कसली? जिवाणू खातात, वाढतात, त्यांच्या श्वासोच्छ्वासातून ऊब निघते. एकेकाची काहीच नाही, पण कोट्यवधी असले की ढीग तापतो. चांगला रचलेला ढीग आतून ५५ ते ६५ अंशांपर्यंत जातो. एवढ्या उष्णतेत तणाचे पुष्कळसे बी मरते आणि माशीच्या अळ्याही मरतात. बाहेरची बाजू मात्र थंडच राहते. म्हणून ढीग चाळवावा लागतो, म्हणजे बाहेरचे आत आणि आतले बाहेर करायचे. आम्ही पंधराव्या दिवशी, महिन्याने आणि दोन महिन्यांनी असे तीनदा चाळवले. तिसरे चाळवणे नोव्हेंबरात सुट्टीत आले. येतो म्हणून कबूल झालेले नऊ जण होते, प्रत्यक्षात तिघे आलो. नावे लिहीत नाही, त्यांना माहीत आहे.

चाळवण्याचे हे वेळापत्रक आमचे नाही. ते इंदूरचे आहे. इंदूर येथे १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड नावाचे इंग्रज शास्त्रज्ञ कंपोस्टावर प्रयोग करीत होते, आणि त्यांच्याबरोबर यशवंत वाड हे शास्त्रज्ञ होते. दोघांनी मिळून १९३१ मध्ये शेतातील टाकाऊ मालाच्या उपयोगावर पुस्तक लिहिले. तीन महिन्यांत खत देणारी ही रीत 'इंदूर पद्धत' म्हणून जगभर गेली. हॉवर्डसाहेबांचे नाव पुस्तकांतून सापडते, वाडांचे सहसा सापडत नाही. मला ते बरे वाटले नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहिले.

त्याच्याही आधी, १८८३ मध्ये लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात जोतीराव फुल्यांनी ही गोष्ट मांडली होती. डोंगरावरची पाने-फुले कुजून त्यांचे सत्त्व पावसाच्या पाण्याबरोबर खाली शेतात उतरते आणि जमीन सकस होते, असे त्यांचे म्हणणे. राहुरीच्या कृषी विद्यापीठाला त्यांचेच नाव आहे.

डिसेंबरच्या मध्यास ढीग साडेतीन फुटांवरून सव्वा फुटावर आला होता. रंग काळसर तपकिरी, हातात घेतले तर भुसभुशीत, आणि वास? पहिल्या वळवानंतर मातीला येतो तसा! ज्या मावशी नोकरी सोडायला निघाल्या होत्या त्यांनी मूठभर हुंगून पाहिले आणि घरच्या तुळशीसाठी पिशवीभर मागून नेले. "बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात" अशी म्हण आहे. आमच्या उकिरड्याचे तीन महिन्यांत फिटले.

वाळूच्या चाळणीतून खत चाळले. वर राहिलेल्या काड्या आणि अर्धवट कुजलेली पाने बाजूला ठेवली. ती शेतात घालायची नाहीत, हे पालकांनी जरूर वाचावे. अर्धकच्चे खत जमिनीत गेले की जिवाणू आपले अपुरे काम तिथे पुरे करू लागतात आणि त्यासाठी लागणारा नत्र जमिनीतूनच घेतात. पीक पिवळे पडते. लोक म्हणतात खताने पीक जाळले. शिवाय अर्धवट कुजलेल्या खतातून हुमणी शेतात जाते, आणि हुमणीने उसाचे काय होते ते या गावात कोणाला सांगायला नको.

खत परसबागेत घातले. मेथीचे दोन वाफे केले, एकात खत, एकात काही नाही. खतवाल्या वाफ्यातली मेथी काही फार उंच झाली नाही, खरे ते लिहितो. पण बिनखताच्या वाफ्याला दर दोन दिवसांनी पाणी द्यावे लागले आणि खताच्या वाफ्याला तीन दिवसांनी दिले तरी चालले. आपल्या हलक्या, मुरमाड रानात हाच फायदा मोठा आहे. कंपोस्टात नत्र थोडाच असतो, शंभर किलोत साधारण एक किलो. युरियात तो शेचाळीस किलो असतो. म्हणून कंपोस्ट घातले की युरिया बंद, असे कोणी म्हणाले तर मी तरी विश्वास ठेवणार नाही. पण युरिया ओल धरीत नाही आणि माती भुसभुशीत करीत नाही. गुरुजी म्हणाले, दोन वाफ्यांवरून सिद्ध काही होत नाही, पुढच्या हंगामात दहा वाफे करा. करणार आहोत.

काही गोष्टी ढिगात घालू नयेत. प्लास्टिक तर नाहीच. आम्हाला चाळताना गुटख्याच्या पुड्या आणि पेनांची टोपणे निघाली, ती कोणाची ते कळले तर बरे होईल. शिजवलेले अन्न घातले की कुत्री आणि उंदीर येतात. हराळीची मुळे आणि लव्हाळ्याच्या गाठी आधी उन्हात कडक वाळवाव्यात, नाहीतर खताबरोबर तण पेरल्यासारखे होते. काँग्रेस गवत फुलोऱ्यात येण्याआधीच उपटावे, कारण एका झाडाला हजारो बिया येतात. उपटताना हाताला फडके किंवा पिशवी गुंडाळावी, नाहीतर अंगाला खाज सुटते. हे गवत आपल्याकडचे नव्हे बरे का! भारतात ते १९५५ मध्ये प्रथम पुण्यात दिसले आणि आता बांधाबांधावर आहे.

ज्यांच्याकडे शेतातला काडीकचरा भरपूर आणि शेण थोडे, त्यांनी नाडेप हौद बांधावा. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण पांढरीपांडे यांनी तो शोधून काढला. त्यांच्या नावावरूनच 'नाडेप'. विटांचा दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच हौद, आणि भिंतींना मुद्दाम ठेवलेली भोके म्हणजे हवा आपोआप जाते आणि चाळवण्याचे कष्ट वाचतात. एका हौदाला सुमारे दीड टन काडीकचरा, शंभर किलोच्या आत शेण आणि पावणेदोन टन चाळलेली माती लागते. वरून शेणमातीने लिंपून टाकायचा. तीन-चार महिन्यांत साधारण तीन टन खत मिळते. अर्धे वजन मातीचेच, हे विसरू नये.

आता उसाबद्दल. सध्या तोड चालू आहे. तोड झाली की पाचट पेटवतात आणि रात्री सगळे शिवार लाल दिसते. पाचट म्हणजे वाळलेली पानेच, एका हेक्टरातून आठ-दहा टन निघतात. ते शेतातच सरीत कुजवता येते. एक टन पाचटाला आठ किलो युरिया, दहा किलो सुपर फॉस्फेट आणि एक किलो कंपोस्टाचे जिवाणू संवर्धक टाकून ओल द्यावी, अशी कृषी खात्याची शिफारस आहे. यातला युरिया म्हणजे काय ते आता तुम्हाला कळले असेल. कालवण!

वडिलांना मी हे सांगितले. ते म्हणाले, "पाचट ठेवलं तर पाणी सरीतून पुढं सरकत न्हाई, आणि खोडव्याच्या बुडख्यावर पडलं तर फूट दबती." गुरुजींना विचारले, तर ते म्हणाले की अडचण खरी आहे, बुडख्यावरचे पाचट बाजूला ओढून बुडखे मोकळे करावे लागतात, आणि त्याला मजुरी लागते. वडिलांनी यंदा चार सऱ्या ठेवायचे कबूल केले आहे. बाकीचे रान पेटवणार की नाही ते अजून ठरलेले नाही. घरात रोज बोलणे चालू आहे.

हौदामागचा ढीग आमच्याच शेतातल्या पाचटाचा आहे. संक्रांतीनंतर रविवारी मी आणि वडिलांनी बैलगाडीतून आणले. त्यात परसबागेतले तण, भोपळ्याचे वेल, शेणकाला आणि मागच्या ढिगाच्या चाळणीवर उरलेल्या काड्या घातल्या आहेत. ज्यांना पाहायचा आहे त्यांनी गोणपाट काठीने उचलावे आणि पाहून झाल्यावर परत टाकावे, नाहीतर ओल उडून जाते. सळई ढिगातच खोचून ठेवली आहे. ती ओढून हातात धरून पाहावी. आज सकाळी प्रार्थनेआधी मी पाहिली, मला धरवली नाही.

— इयत्ता सातवीचा एक विद्यार्थी